फ्यूजची तार आणि जयसिंगपूरचं स्थळ

रविवार, २ नोव्हेंबर

या घरात फ्यूज उडाला की पहिलं माझ्याकडं बघतात. मांजराकडं कोण बघत न्हाय, सुनेच्या मिक्सरकडं कोण बघत न्हाय, म्हातारी दिसली की खटला निकालात. मी तवा देवपूजा करत होतो. नातवाच्या खेळातल्या गाडीच्या रुळावर चमचा माझा सापडला, ते मान्य. पण चमचा मी ठेवला होता, फ्यूज उडव म्हणून मी त्याला सांगितलं न्हवतं.

असो. राम राम. वही नवी हाय, पतसंस्थेची. वर्ष संपायला आलं तवा मला दिली, म्हणजे कुणालाच नको होती. चौथीतनं म्हशीमागं गेलतो, म्हणून अक्षर असं. आणि सून संयोगिता पुण्याची. ती म्हणती, आत्या, बाईमाणसानं आले-गेले म्हणावं, आलो-गेलो काय? म्हटलं, आमच्या कोल्हापुरात बाई पण आलो म्हणती, आणि कोण आलं ते आख्ख्या गल्लीला कळतंय.

आता मुद्द्याचं. ज्ञानूला स्थळ आलंय. ज्ञानू म्हणजे माझा नातू. त्याला मालकांचं नाव ठेवलंय, त्यामुळं मी तोंडानं घेत न्हाय, बाळ्या म्हणतो. लिहायला चालतंय. शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर हाय. दारू न्हाय, मावा न्हाय, व्यसन एकच, रेल्वे. घराच्या पुढच्या सोप्यात फळी टाकून रूळ घातल्यात. स्टेशन केलंय, बोगदा केलाय, उसाचा फड केलाय, फडाशेजारी गुऱ्हाळ, आणि गुऱ्हाळाच्या धुराड्यातनं कापसाचा धूर. इंजिन वीतभर. बत्तीस वर्षांचा घोडा त्याच्याकडं बघत बसतो.

आधीची स्थळं आली, फळी बघितली, चहा पिऊन गेली. एकीची आई म्हणली, पोरगं अजून खेळण्यातच हाय की वो. दुसऱ्यांनी निरोप धाडला, आगगाडी काढा मग बोलू. ज्ञानू म्हणला, आगगाडी निघायची न्हाय. मालकांवर गेलाय. आडमुठा.

हे नवं स्थळ जयसिंगपूरचं, समोरच्या चिमणाबाईनं आणलंय. पोरगी तेजस्वी, शाळेत विज्ञान शिकवती. आणि बाप गणपतराव, रेल्वेतनं रिटायर! बाप रेल्वेतला, पोरगं रेल्वेवालं, आता आणि काय पत्रिका जुळवायची? सोळा तारखेला येणार. त्या दिवशी गाडी पळाली की लग्न ठरलं म्हणून समजायचं.

अडचण एवढीच की गाडी मधेच शॉर्ट होती आणि बसती. ज्ञानू दिवसभर कामावर. त्याचा बाप जोतीराम माझ्याच पोटचा, पण त्याला पक्कड आणि सांडशी यातला फरक कळत न्हाय. म्हणजे बघायचं कुणी? मीच. आजपासनं गाडी माझ्या जबाबदारीवर. माझ्या जबाबदारीवर दिलेली वस्तू आजवर बिघडलेली न्हाय. (म्हैस गेली, ती म्हातारी होती.)

संकल्प: सोळा तारखेपर्यंत एकही फ्यूज उडू द्यायचा न्हाय.

सोमवार, ३ नोव्हेंबर. दुपारी

फळीखाली शिरून तपास केला. चोर सापडला. रिक्षाच्या मागं असतो तसला एक बल्ब वायरीत जोडलाय आणि तो लागतच न्हाय. गाडी फिरवून बघितली. गाडी पळती, हा विझलेला. फुकटखाऊ. काढून टाकला तर गाडी थांबली, म्हणून दोन वायरी एकमेकींना पिळल्या. पळाली! शिकलेल्यांना जे कळत न्हाय ते असं असतंय.

तोच दिवस, जेवणं झाल्यावर

ज्ञानू ओरडला. म्हणला, आज्जे, त्यो राखणदार हाय! दोन रूळ लोखंडानं एकमेकाला चिकटले की शॉर्ट. तवा बाहेरच्या गोल रुळाचा सगळा करंट तो बल्ब स्वतःवर घेतो आणि पेटतो. एरवी त्यानं विझलेलंच असलं पायजे. म्हटलं, म्हणजे तुझ्या आज्यागत. एरवी गप, घरात भांडण झालं की डोळे लाल. हसला. बल्ब परत लावला.

आणखी कळलं ते असं. इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप हाय. परदेशातनं मागवावी लागती. ती जळली की गाडी मेली. गाडीला करंट रुळातनंच मिळतो आणि पळ, थांब हा निरोप पण रुळातनंच. सगळ्यांच्या वर एक फ्यूज, लईच शॉर्ट झालं तर तो उडतो आणि बाकीचे वाचतात. थोडक्यात एक रूळ सासर, एक रूळ माहेर. दोघांनी थेट भिडायचं न्हाय, जे काय बोलायचं ते मधल्या इंजिनातनं. हे मला लग्नापासनं म्हाईत हाय.

बुधवार, ५ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न लावलं. आता घरात बिनलग्नाचा एकच.

अक्षता टाकताना ध्यानात आलं. गल्लीत कुणी साधी स्प्लेंडर आणली तरी हार, नारळ, चाकाखाली लिंबू. या गाडीला आणल्यापासनं कुणी लिंबूच दिलेलं न्हाय! मग रुसंल न्हाय तर काय? इंजिनाला हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबाच्या दोन फोडी ठेवल्या आणि बटण दाबलं. इंजिन फोडीवर चढलं, रस फवाऱ्यागत उडाला, बल्ब लख्ख पेटला. पूजा पोचली.

ज्ञानू घरी आल्यापासनं कापसाच्या बोळ्यानं रूळ पुसत बसलाय. एक शब्द बोलला न्हाय. पूजेनंतर घरात अशी शांतता वाटतीच.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काल ताटावर ज्ञानूनं नवीन सांगितलं. शॉर्ट होतो तवा एक धोका आणि शॉर्ट सुटतो तवा दुसरा. सुटताना व्होल्टेज एकदम उसळी मारतं आणि चिपच्या उरावर बसतं. ती उसळी जिरवायला त्यानं रुळाच्या टोकाला दोन मणी लावल्यात, वायरीनं लोंबणारे.

उसळी मला शिकवतोय. सगळी हयात दुधाच्या पातेल्यापुढं गेली माझी. दूध उतू जाऊ नये म्हणून काय करतात? पातेल्यावर आडवी पळी. दुपारी ज्ञानू नसताना दोन्ही रुळांवर नीट टेकवून आडवी पळी ठेवली. गाडी जागच्या जागी गार. उसळी न्हाय, आवाज न्हाय. राखणदार बल्ब एवढा पेटला की फळी कोमट झाली आणि मांजर तिथं जाऊन झोपलं. बाईनं केलेलं काम असं, गाडीपण शांत, मांजरपण शांत.

संयोगितानं येऊन प्लग उपटला. म्हणली, आत्या, पळी स्टीलची आहे! म्हटलं, दुधावर काय सोन्याची ठेवतो? पुण्याची माणसं हरली की कपाळाला हात लावतात.

शनिवार, ८ नोव्हेंबर

लाकडी उलथणं चाललं असतं काय? विचार चालू.

रविवार, ९ नोव्हेंबर

ज्ञानूला सुट्टी. सकाळी गाडी अशी पळाली, काय सांगू. बोगद्यात शिरताना शिट्टी, स्टेशनात आली की आपोआप हळू. मी पण बघत बसलो. तेवढ्यात चिमणाबाई आली आणि म्हणली, अगं बाई, किती गोड पळती गं, कुणाची नजर न लागो! पुढचा फेरा पुरा झाला न्हाय. बोगद्याच्या फाट्यावर इंजिन उतरलं आणि फ्यूज उडाला. स्वतःच बोलली, स्वतःच लावली.

ज्ञानू म्हणला, नजर बिजर काय न्हाय, फाट्यात चाक अडकलं, आणि फाट्याला बल्बचा राखणदार न्हाय, म्हणून थेट फ्यूज. आणि चिमणाबाई चहा भुरकत म्हणती कशी, बायडाक्का, तुझं पोरगं इंजिनाकडं बघतंय तसं आमच्या तेजस्वीकडं बघंल काय गं? म्हटलं, ती शिट्टी वाजवून बोगद्यात शिरली तर बघंल की. दुसरा चहा दिला न्हाय.

ती गेल्यावर गाडीची दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, मिरच्या. मूठ जरा सैल होती माझी, थोडं मीठ सांडलं. मीठच हाय, विष न्हाय.

सोमवार, १० नोव्हेंबर

मिठानं रात्रीत ओल धरली. रुळावर पांढरी बुरशी आल्यागत झालंय. ज्ञानू कामावर जायच्या आधी बुरुश घेऊन बसला. मग फळीभोवती सुतळी बांधली आणि माझ्यापुढं येऊन उकिडवा बसला. म्हणला, आज्जे, पाया पडतो, रविवारपर्यंत हात लावू नकोस.

आणि एक म्हणला. तेजस्वीशी त्याचं फोनवर बोलणं झालंय. तिनं विचारलं, एकाच रुळातनं करंट आणि निरोप दोन्ही कसं जातंय? आजवर प्रत्येकानं विचारलं, केवढ्याला पडलं. कसं चालतंय हे हिनंच पहिल्यांदा विचारलं. म्हणला, आज्जे, हे मोडलं तर मी पुन्हा कुणाला दाखवणार न्हाय. गाडी पण न्हाय आणि मला पण न्हाय.

डोळ्यांत पाणी हाय काय बघितलं. न्हवतं. मग ठीक.

शब्द दिला, हात लावणार न्हाय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

गाडीला हात लावायचा न्हाय, गल्लीला लावायला कुणाची बंदी? कोपऱ्यावरची पिठाची गिरण चालू झाली की आमचा पंखा मुडदुसागत फिरतो. बंद झाली की दिवा फक्कन मोठा. खरी उसळी तिथं हाय! गिरणवाल्याकडं गेलो. म्हटलं, रविवारी सकाळी गिरण बंद ठेव. म्हणला, आज्जी, रविवारी तर सगळी दळपं असतात, गल्लीनं भाकरी कशाची खायची? म्हटलं, भात खा. म्हणला, आणि माझं गिऱ्हाईक? म्हटलं, माझ्या नातवाचं लग्न मोडलं तर जन्मभर दळण दुसरीकडं टाकीन, आणि जाताना तुझ्या पिठात खडे असतात म्हणून सांगत जाईन. जेवणवेळेपर्यंत बंद ठेवतो म्हणला.

पाच वर्षं शिकून ज्ञानूला व्होल्टेज आवरत न्हाय. मी चप्पल घालून गेलो आणि आवरून आलो.

शनिवार, १५ नोव्हेंबर. चहाच्या वेळी

ज्ञानू दुसऱ्या पाळीला गेलाय. पावणं उद्या. रंगीत तालीम करायला नको? हात लावला न्हाय, बटण लाकडी उलथण्यानं दाबलं. इंजिन त्याच फाट्यावर अडलं आणि फ्यूज उडाला. फ्यूजची डबी बघितली, रिकामी. भरलेली होती म्हणे. कुठं गेले कोण जाणे. (उडाले.)

उडालेला फ्यूज उन्हात धरून बघितला. काचेची नळी, आत केसागत तार. केसागत! एवढ्या थोरल्या कामाला असला लुकडा माणूस ठेवल्यावर तो उडणार न्हाय तर काय? रोग सापडला.

शिरोळला माहेरी आमच्या आबांच्या विहिरीवर मोटर होती. सारखा फ्यूज उडायचा. आबांनी एक दिवस वैतागून चांगली जाड तार पिळून घातली, पुन्हा म्हणून फ्यूज उडाला न्हाय. पुढं मोटर जळली. पण फ्यूज? शेवटपर्यंत शाबूत.

जुन्या इस्त्रीची वायर सोलली, तांब्याची तार दुहेरी पिळली आणि नळीच्या जागी बसवली. हात लावला न्हाय, पक्कड लावली. बल्ब पण काढला, वायरी मागच्यागत पिळल्या. पावण्यांसमोर पेटला तर गाडीत खोट हाय असं वाटायचं. आणि रुळाच्या टोकाला लोंबणारे ते दोन मणी, चार लोकांत बरं दिसतंय व्हय? कात्रीनं साफ.

मग गाडी सोडली. अडली, थरथरली, नेटानं पुढं गेली. फ्यूज हलला न्हाय. उद्या कोण अडवतंय बघतो.

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी

सगळं तयार. गिरण बंद. ज्ञानू रात्रपाळीच्या माणसागत लाल डोळ्यांनी उठला, गाडी एकदा फिरवून बघितली. म्हणला, आज्जे, फ्यूज होता काय गं डबीत? म्हटलं, बसवलाय. यात खोटं काय न्हाय.

आज सोयरीक पक्की.

तोच दिवस, दिवेलागणीला

क्रमानं लिहितो.

पावणं उशिरा आले. हातकणंगल्यापासनं उसाचे ट्रॅक्टर पुढं, स्पीकर लावून, ओलांडू देत न्हाईत. तवर जेवणवेळ झाली आणि गिरण सुरू झाली. चूक खरी इथं हाय.

गणपतरावांना दारातच सांगितलं, या पावणं, तुमच्या आवडीची वस्तू दाखवतो. म्हणले, मावशी, आख्खी नोकरी रुळावर गेली, आता रूळ दिसला की कंबर धरती. आणि खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसले. बायकोनं जयसिंगपूरचं भडंग आणलं होतं, ते चिमणाबाईनंच फोडलं.

पोरगी मात्र सरळ फळीकडं गेली. चष्मा, सुती साडी, नखरा न्हाय. आणि ज्ञानू बोलाय लागला. दिवाळीभर घरात जेवढं बोलला नसंल तेवढं त्या फाट्यापाशी बोलला. ती मधेच काय विचारायची, तो हातवारे करून सांगायचा. सून दारात ट्रे घेऊन तशीच उभी. मी तिला कोपरानं ढोसलं, बघ म्हटलं.

शुभ वेळ होती, म्हणून इंजिनाला जरीचा हार घातला. बारीक, गौरीच्या गळ्यातला. ज्ञानू नको म्हणला. पावण्यांसमोर दुसऱ्यांदा म्हणता आलं न्हाय त्याला.

गाडी हार घालून बोगद्यात शिरली. पुढनं इंजिन बाहेर आलं, हार आला न्हाय. तो आत रुळावर आडवा पडला. हारातली जर म्हणजे तारच की, हे मला नंतर सुनेनं सांगितलं. भुंग्यागत आवाज आला आणि गुऱ्हाळाच्या मागनं, तिथं कंट्रोलचा डबा लपवलाय, तिथनं धूर. पोरीच्या आईनं टाळ्या वाजवल्या, अगं बाई, गुऱ्हाळ लागलं बघा, खरा धूर! चिमणाबाई म्हणली, काकवीचा वास पण येतोय. मी म्हटलं, आमच्यात सगळं ओरिजिनल असतंय. गणपतरावांनी पण खुर्ची वळवली. त्या एका क्षणी, मी सांगतो, लग्न ठरलेलं होतं.

मग कापूस पेटला.

सून पाण्याचा तांब्या घेऊन धावली. तेजस्वीनं तिला अडवलं, पाणी नको, म्हणून ओरडली, प्लग उपटला आणि पोह्यांचं पातेलं उघडं टाकून त्याचं झाकण गुऱ्हाळावर दाबलं. विझलं. इंजिनाच्या पोटातनं पण बारीक धूर येत होता. ज्ञानू ते तळहातावर घेऊन नुसता उभा.

तेजस्वीनं डबा उघडला आणि माझी तार दोन बोटांत धरून वर काढली. विचारलं, ही कुणी घातली?

ज्ञानूनं तारेकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आणि म्हणला, मी.

तिनं तार त्याच्यापुढं धरली. म्हणली, मी आठवीच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगते, फ्यूजच्या जागी तार घालायची नाही. आज इंजिन गेलं, उद्या घर जाईल. चला बाबा.

पोहे तसेच राहिले. ज्ञानू पायरीवर बसलाय, जळकं इंजिन घेऊन. ओरडला असता तर मी पण ओरडलो असतो आणि विषय मिटला असता. ओरडत न्हाय.

पोरगी तुसडी हाय. बरं झालं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

चिमणाबाई निरोप घेऊन आली. नकार. मुलगा मनानं चांगला आहे पण निष्काळजी आहे, असं तेजस्वी म्हणती.

निष्काळजी! माझा नातू? जो मिठाच्या बरणीवर पण मीठ म्हणून चिठ्ठी चिकटवतो? ज्यानं फ्यूज, बल्ब, मणी, एवढे राखणदार त्या वीतभर इंजिनाला ठेवले? चिमणाबाईला म्हटलं, त्या मास्तरणीला जाऊन सांग, आमच्या पोराइतका काळजीवाला कोल्हापुरात दुसरा न्हाय. चिमणाबाई म्हणली, मग तार कुणी घातली गं?

पोळ्या करायच्या होत्या, उठलो.

संयोगिता ताट वाढताना म्हणली, आत्या, कुणीतरी खरं सांगायला पाहिजे. म्हटलं, गिरण सुरू होती हे खरं सांग की. तिनं कपाळाला हात लावला न्हाय. नुसती बघत राहिली. हे लई वाईट.

ज्ञानूनं फळीवर चादर घातलीय.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

जयसिंगपूरला फोन करणार होतो. रेंज न्हवती. मग रेंज आली तर मंगळवार हाय हे आठवलं, उपासाचं पोट रिकामं, रिकाम्या पोटी तोंड लई चालतंय माझं. संध्याकाळी उपास सोडला तर जड झालं.

चादरीवर मांजर झोपलंय. कुणी हाकलत पण न्हाय.

बुधवार, १९ नोव्हेंबर

फोन केला. तिनंच उचलला.

म्हटलं, बायडाबाई बोलतोय, मुलाची आज्जी. तार मी घातली. चांगली दुहेरी पिळून घातली. बल्ब मी काढला, मणी मी कापले, हार तर तुझ्या देखत घातला. पोरगं खोटं बोललं, चारचौघांत आज्जीला कोण बोलू नये म्हणून. आता तूच ठरव निष्काळजी कोण. आणि माझ्याशी तुझं लग्न न्हाय, तवा माझा राग धरायचं काय कारण न्हाय.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, आज्जी, बल्ब का काढलात? म्हटलं, पेटला असता तर गाडीत खोट हाय असं दिसलं असतं. ती म्हणली, खोट दिसावी म्हणूनच असतो तो. मास्तरीण हाय, उत्तर तयारच. मग म्हणली, तुमच्या नातवानं पळीचं सांगितलं होतं फोनवर, मला वाटलं थट्टा करतोय. आणि जी हसाय लागली, जी हसाय लागली, बाप मागनं विचारतोय कोण गं. हसण्यासारखं काय होतं मला कळलं न्हाय, पण मी फोन ठेवला न्हाय.

शेवटी म्हणली, रविवारी येते. चिप यायला वेळ लागेल, तोवर खालची वायरिंग नव्यानं करू, दोघं मिळून. फक्त त्या दिवशी आज्जींनी...

ज्ञानूला हाक मारली. बाळ्या म्हणून. चादर काढ म्हटलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

रविवारी मला बिद्रीला लेकीकडं पाठवायचं ठरलंय. जोतीराम स्वतः गाडीनं सोडणार हाय. बसनं न्हाय, गाडीनं. घरात मान हाय माझा.

रविवार, २३ नोव्हेंबर. बिद्री

कारखान्याचा भोंगा, मळीचा वास, बैलगाड्यांची रांग. लेकीचं घर चांगलं हाय. मीटरच्या पेटीला नवीन कुलूप दिसतंय. आधी कधी बघितलं न्हवतं. विचारलं तर जावई म्हणला, उंदरं झाल्यात. मी मिक्सरजवळनं गेलो तर लेकीनं मिक्सरच उचलून कपाटात ठेवला. म्हणली, आई, तू नुसती बस.

बसलो. एवढं बसणं लग्नात पण झालं न्हवतं.

सांजच्याला सुनेचा फोन. दिवसभर दोघं फळीखाली होते, नुसते पाय बाहेर. गणपतराव खुर्चीत घोरत होते. बोगद्याच्या फाट्याला वेगळा फ्यूज घातलाय, वर वेगळा, बल्ब नवा, मणी नवे. फळीखालनं निघताना पोरगी सुनेला म्हणली, काकू, माझ्याकडनं हो आहे, बाकी मोठ्यांनी बोला.

मी आधीच सांगितलं होतं, या गाडीवरनंच लग्न जमणार. जमलं. गाडी पळाली न्हाय, तो भाग वेगळा.

लेकीला म्हटलं, मांडवातल्या लायटिंगचं मी बघणार. अनुभव हाय. ती देवापुढं जाऊन हात जोडून आली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर. कोल्हापूर

काल आलो. आज जयसिंगपूरचा निरोप. साखरपुडा, मानपान, कशाबद्दल काय म्हणणं न्हाय. पण तारीख धरायच्या आधी तेजस्वीला एकच गोष्ट पक्की पायजे. मांडवातल्या माळा, जनरेटर, लाईट, हे आमच्याकडनं कोण बघणार? उद्या सकाळी फोन करून विचारणार.

मी म्हटलं, मी बघतो की. जोतीराम पंख्याकडं बघाय लागला. सून डाळ निवडाय लागली, निवडलेलीच. ज्ञानू माझ्याशेजारी येऊन बसला, हात धरला आणि काय बोललाच न्हाय. मालक पण असंच करायचे. एक शब्द न बोलता माणसाला हरवायचे.

तसंही मला मांडवात पावण्यांचं बघायचंय. लाईट बघत बसलो तर चिमणाबाईला पंगतीत कोण आवरणार?

तर उद्याचा फोन मी उचलणार न्हाय, जोतीरामनं उचलायचा न्हाय, सुनेनं पण न्हाय. ज्ञानूनंच उचलायचा, आणि आज्जी वायरीला हात लावणार न्हाय, पक्कड पण लावणार न्हाय, हे त्यानंच सांगायचं. आणि या खेपेला मला झाकायचं न्हाय. खरं बोलायचं.